मुंबई ते न्यूयॉर्क: हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लेक-जावयाकडे पहिल्यांदाच निघालेले आई-बाबा, ऑगस्टमध्ये शिकायला जाणारी मुलं आणि इकडून त्यांची तिकिटं काढणारे नातेवाईक, या सगळ्यांकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. उत्तरं शक्यतो आकड्यांत दिली आहेत, कारण "बराच वेळ लागतो" एवढं सांगून कोणाचंच काम होत नाही. अंतर ठरलेलं आहे, वेळ मात्र दर मोसमात आणि दर वाटेनुसार बदलते. बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो.

१. मुंबई ते न्यूयॉर्क विमानाने किती किलोमीटर आहे?

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज विमानतळापासून न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळापर्यंत पृथ्वीच्या गोलावरून मोजलेलं सर्वांत कमी अंतर सुमारे १२,५४० किलोमीटर आहे. साध्या मैलांत ते ७,७९०च्या आसपास आणि वैमानिक वापरतात त्या सागरी मैलांत ६,७७०च्या आसपास भरतं. एखाद्या साइटवर यातला भलताच आकडा दिसला, तर आधी एकक बघा. सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा असतो, साधा मैल १.६०९ किलोमीटरचा. शेजारचं न्यूअर्क दहा-पंधरा किलोमीटरने लांब आहे, म्हणजे फरक नसल्यातच जमा.

२. थेट विमानाला किती तास लागतात?

मुंबईहून जाताना साधारण साडेपंधरा ते साडेसोळा तास, परत येताना साधारण चौदा ते पंधरा तास. हे गेट ते गेट धरलेले तास आहेत. विमान मुंबईत गेटवरून मागे ढकललं जातं तेव्हापासून न्यूयॉर्कच्या गेटला लागेपर्यंतचे. घर ते घर किती, ते प्रश्न १२ मध्ये.

३. विमानाचा वेग ताशी ९०० किमी. १२,५४० भागिले ९०० म्हणजे चौदा तास. मग सोळा का लागतात?

भागाकार बरोबर आहे, पण त्यात तीन गोष्टी धरायच्या राहिल्या.

पहिली, वाट. नकाशावरच्या सर्वांत जवळच्या रेषेवरून विमान क्वचितच जातं. बंद हवाई हद्दी, वादळं, अटलांटिकवरचे आखून दिलेले मार्ग यांमुळे काहीशे किलोमीटर वाढतातच (प्रश्न ६). ७०० वाढले असं धरू. झाले १३,२४०.

दुसरी, वारा. ताशी ९०० हा विमानाचा भोवतालच्या हवेतला वेग आहे. ती हवा स्वतःच समोरून येत असेल तर जमिनीवरचा वेग कमी होतो. पूर्ण प्रवासाची सरासरी काढून समोरचा वारा ताशी ४० किमी धरला, तर उरले ८६०. १३,२४० भागिले ८६० म्हणजे जवळजवळ १५ तास २४ मिनिटं.

तिसरी, जमिनीवरची वेळ. मुंबईत धावपट्टीपर्यंतची रांग आणि उतरल्यावर गेटपर्यंतचं सरकणं, दोन्ही मिळून अर्धा तास सहज जातो. झाले सोळा तास.

शिवाय विमान कंपन्या वेळापत्रकात थोडी राखीव मिनिटं ठेवतात. मुंबईहून चाळीस मिनिटं उशिरा सुटलेलं विमान न्यूयॉर्कला वेळेवर कसं पोहोचलं, असं बरेच जण विचारतात. ती राखीव मिनिटं तिथे वापरली जातात, आणि वारा मवाळ असेल तर आणखी काही हाती लागतात.

४. जाताना जास्त आणि येताना कमी वेळ का? पृथ्वी फिरते म्हणून ना?

पृथ्वीबरोबर तिचं वातावरणही फिरतं आणि विमान त्या वातावरणातच उडतं, त्यामुळे "खालून न्यूयॉर्क आपल्याकडे सरकतंय" असं काही होत नाही. तसं असतं तर पश्चिमेकडे जाणारं विमान लवकर पोहोचलं असतं. इथे तर उलट घडतं.

कारण आहे जेट स्ट्रीम. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, मध्य अक्षांशांत, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वेगवान वाऱ्याचा पट्टा. ताशी दीडशे-दोनशे किमी ही त्याची नेहमीची चाल, आणि थंडीत तो कधी कधी ३००च्याही वर जातो. जाताना विमान हा पट्टा टाळत उत्तरेकडून जातं, येताना मुद्दाम त्यात शिरतं. जेट स्ट्रीम हिवाळ्यात जोरात असतो, त्यामुळे जाणं आणि येणं यांतला फरकही जानेवारी-फेब्रुवारीत सर्वांत जास्त जाणवतो.

५. अमेरिका पश्चिमेला आहे. मग समोरच्या स्क्रीनवर विमान उत्तरेला फिनलंड-आइसलँडकडे का जाताना दिसतं? एवढा वळसा कशाला?

तो वळसा नाहीच, तीच जवळची वाट आहे. सपाट नकाशात उत्तरेकडचा भाग ताणून मोठा दाखवलेला असतो, म्हणून सरळ रेष तिथे वाकडी दिसते आणि वाकडी रेष सरळ. घरात पृथ्वीचा गोल असेल तर मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये एक धागा ताणून धरा. धागा आपोआप वर, उत्तरेकडे सरकतो. मुलांबरोबर जरूर करून बघा, पाच मिनिटांत सगळं लक्षात येतं.

हा धागा कुठून जातो ते बघण्यासारखं आहे. मुंबईहून निघून तो सौराष्ट्र-कच्छच्या बाजूने पाकिस्तानात शिरतो, बलुचिस्तान आणि पश्चिम अफगाणिस्तान ओलांडून तुर्कमेनिस्तान, मग पश्चिम कझाकस्तान. पुढे रशियात जवळजवळ मॉस्कोवरूनच, तिथून हेलसिंकीच्या आसपास, स्वीडन-नॉर्वे पार करून समुद्रावर. आइसलँड आणि फेरो बेटं यांच्या मध्ये तो सर्वांत उत्तरेला, सुमारे ६५ अंशांवर पोहोचतो. मग रेक्याविकच्या जवळून, ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाला चाटून, कॅनडाच्या लॅब्राडोरमार्गे खाली न्यूयॉर्कला उतरतो. मुंबई १९ अंशांवर, न्यूयॉर्क ४१ अंशांवर, आणि त्यांच्यातली जवळची वाट मात्र ६५ अंशांवरून!

६. पण आमचं विमान तर अरबी समुद्रावरून, मग तुर्कस्तान-युरोपवरून गेलं. असं का?

कारण वरचा धागा ज्या देशांवरून जातो त्यांपैकी काहींची हवाई हद्द सगळ्यांना खुली नाही.

पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ रोजी भारतीय विमान कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली आणि त्यानंतर ती मुदत महिन्यामहिन्याने वाढत गेली. याआधी २०१९ मध्येही फेब्रुवारीअखेरपासून १६ जुलैपर्यंत असंच झालं होतं. मुंबईला याची झळ दिल्लीपेक्षा कमी बसते, कारण मुंबईहून निघालेलं विमान थेट समुद्रावर जाऊन ओमानच्या बाजूने वर चढू शकतं. दिल्लीच्या विमानाला आधी दक्षिणेला उतरून यावं लागतं.

रशियाची गोष्ट याच्या उलट. फेब्रुवारी-मार्च २०२२ पासून अमेरिकी, कॅनेडियन आणि युरोपीय महासंघातल्या कंपन्यांना रशियावरून उडता येत नाही, भारतीय कंपन्यांना मात्र तशी बंदी नाही. म्हणजे त्याच दोन शहरांमध्ये, त्याच दिवशी, दोन कंपन्यांची विमानं वेगळ्या वाटांनी जाऊ शकतात. भर म्हणून पश्चिम आशियात तणाव वाढला की इराण-इराकची हद्द अचानक बंद होते. जून २०२५ मध्ये ते पाहिलंच.

लांबलेल्या वाटेचा परिणाम फक्त वेळेवर होत नाही. बोइंग ७७७-३००ईआरच्या टाक्यांत सुमारे १ लाख ८१ हजार लिटर इंधन मावतं, आणि हे विमान तासाला साधारण सात-आठ टन जाळतं. वाट लांबली की जास्तीचं इंधन भरावं लागतं, त्या वजनापायी कधी माल तर कधी प्रवासी कमी घ्यावे लागतात. काही वेळा वाटेत युरोपात फक्त इंधनासाठी उतरावं लागतं. म्हणून मागच्या वर्षी शेजाऱ्यांना किती तास लागले यावर विसंबू नका. निघायच्या आठवड्यात आपल्याच फ्लाइट नंबरच्या मागच्या चार-पाच दिवसांच्या प्रत्यक्ष वेळा फ्लाइट ट्रॅकिंग साइटवर पाहा. त्याच्याइतका खात्रीचा अंदाज दुसरा नाही.

७. रात्री दीडला निघून त्याच दिवशी सकाळी सातला पोहोचणार म्हणे. म्हणजे साडेपाच तासच?

तिकिटावर दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात. हिवाळ्यात न्यूयॉर्क भारताच्या साडेदहा तास मागे असतं, उन्हाळी वेळ लागू असताना साडेनऊ तास.

जाताना: मुंबईहून रात्री १:३० ला निघालात. सोळा तास मिळवा, मुंबईत संध्याकाळचे ५:३० झाले. साडेदहा तास वजा करा. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे ७:००, तारीख तीच.

येताना: न्यूयॉर्कहून दुपारी १२:०० ला निघालात. साडेचौदा तास मिळवा, तिथे रात्रीचे २:३०. साडेदहा मिळवा. मुंबईत दुसऱ्या दिवशी दुपारचा १:००.

सोमवारी दुपारी ऑफिसात हजर व्हायचं असेल, तर तिकडून शनिवारीच निघा. शनिवारी दुपारी निघालेला माणूस मुंबईत रविवारी दुपारी उतरतो. रविवारी निघालात तर सोमवारची दुपार विमानतळावरच जाईल.

डिसेंबरात जाणाऱ्यांसाठी आणखी एक. रात्रीचं विमान उत्तरेच्या वाटेने गेलं तर जवळजवळ सगळा प्रवास अंधारात होतो, आणि उजाडतं ते न्यूयॉर्कला उतरता उतरता. जूनमध्ये त्याच वाटेवर अर्ध्या प्रवासाच्या आधीच लख्ख उजेड असतो. खिडकीची जागा घ्यायची असेल तर हे लक्षात ठेवा.

८. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये एक तासाचा घोळ होतो तो कसला?

अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी पहाटे २ वाजता घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे घेतात. भारतात असं काही नाही.

अवघड प्रसंग असा: मार्चच्या त्या रविवारी रात्री १:३० ला तुम्ही मुंबई सोडली. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा शनिवारची दुपार असते, जुनीच वेळ. घड्याळ बदलतं ते भारतात दुपारचे १२:३० वाजलेले असताना, म्हणजे तुम्ही हवेत असताना. उतरल्यावर ७ नाही, ८ वाजलेले असतील. तिकिटात हे धरलेलं असतं. घ्यायला येणाऱ्याने मात्र तिकिटावरची वेळच पाहावी, स्वतःच्या मनाने साडेदहा तास वजा करू नयेत.

युरोपात घड्याळ मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे जातं. त्यामुळे मधल्या दोन-तीन आठवड्यांत लंडन किंवा फ्रँकफर्टमार्गे जाणाऱ्यांच्या थांब्याच्या वेळा नेहमीपेक्षा वेगळ्या दिसतील.

९. तिकिटावर १५ तारीख, ०१:३० असं आहे. विमानतळावर कधी जायचं?

१४ तारखेच्या रात्री. हे उत्तर घरातल्या प्रत्येकाला सांगा, कॅलेंडरवर लिहा, टॅक्सीवाल्यालाही तारीख आणि वार दोन्ही सांगा. १५ तारखेला रात्री जेवून निघालेल्या माणसाचं विमान वीस तासांपूर्वीच गेलेलं असतं आणि अशा तिकिटाचे पैसे सहसा परत मिळत नाहीत.

रात्री साडेनऊ-दहापर्यंत विमानतळावर असावं. अमेरिकेच्या विमानांना तपासणी जास्त असते, बॅगांचा काउंटर सुटण्याच्या सुमारे तासभर आधी बंद होतो, आणि सण-सुट्ट्यांच्या काळात इमिग्रेशनची रांग मोठी असते. आता नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे, म्हणून तिकिटावरचा कोड वाचा: जुन्या विमानतळाचा बीओएम, नव्याचा एनएमआय.

१०. जेएफके घ्यायचं की न्यूअर्क?

उतरल्यावर कुठे जायचं आहे ते बघा. न्यूअर्क विमानतळ न्यू जर्सीत आहे. एडिसन, जर्सी सिटी, प्रिन्सटन या भागांत कोणी राहत असेल तर न्यूअर्कच. क्वीन्स, लाँग आयलंड, कनेटिकटसाठी जेएफके. दोन्ही विमानतळांत सरळ रेषेत तीस-पस्तीस किलोमीटरच अंतर आहे, पण मध्ये अख्खं न्यूयॉर्क शहर, पूल, बोगदे आणि टोल आहेत. संध्याकाळच्या गर्दीत जेएफकेहून एडिसन गाठायला दोन तास लागले तरी नवल नाही. एका बाजूने जेएफके आणि परतीला न्यूअर्क असं स्वस्त तिकीट दिसलं, तर घ्यायला-सोडायला येणाऱ्याला आधी विचारा.

११. थांबा घेऊन गेलं तर अंतर किती वाढतं?

अंतर आश्चर्य वाटेल इतकं कमी वाढतं. लंडनमार्गे ७,२१० आणि ५,५४० मिळून सुमारे १२,७५० किमी, म्हणजे थेट वाटेपेक्षा जेमतेम दोनशे जास्त. दिल्लीमार्गे १,१४० आणि ११,७६० मिळून १२,९००. दुबईमार्गे १,९३० आणि ११,०२० मिळून १२,९५०.

वाढतो तो वेळ. एक जास्तीचं उतरणं-चढणं आणि मधली वाट पाहणी मिळून एकूण प्रवास बहुधा वीस ते चोवीस तासांवर जातो. तरीही माझं मत असं की गुडघे दुखणाऱ्या माणसाला लंडनचा थांबा थेट विमानापेक्षा बरा. दोन्ही टप्पे आठ-दहा तासांचे होतात, मध्ये चालणं होतं, नीट जेवणही होतं. दुबईमार्गे गेलं तर तीन तास आणि चौदा तास अशी विभागणी होते, म्हणजे लांबचा टप्पा जवळजवळ तसाच उरतो. इंग्रजीची किंवा मोठ्या विमानतळावर एकट्याने फिरण्याची धास्ती असेल, तर मात्र थेट विमानच घ्या, चार पैसे जास्त गेले तरी.

थांब्याच्या देशाचे ट्रान्झिट व्हिसाचे नियम तिकीट काढण्यापूर्वीच तपासा. वैध अमेरिकी व्हिसा असेल तर बऱ्याच ठिकाणी सूट मिळते, पण सूट आहे असं गृहीत धरू नका.

मधल्या वेळेचं म्हणाल तर अडीच-तीन तासांपेक्षा कमी नको. अमेरिकेतच पुढचं विमान असेल, समजा न्यूयॉर्कहून शिकागो, तर निदान चार तास हवेत. अमेरिकेत पहिल्यांदा जिथे उतरता तिथेच इमिग्रेशन होतं, बॅगा स्वतः ताब्यात घ्याव्या लागतात आणि पुन्हा द्याव्या लागतात. अबू धाबीला हीच तपासणी विमानात बसण्यापूर्वी होते, तेव्हा तिथला थांबा त्या हिशोबाने मोठा ठेवावा.

१२. पुण्याहून घर ते घर किती वेळ धरायचा?

पुण्यातून टॅक्सीने मुंबईचा विमानतळ गाठायला तीन ते चार तास, शुक्रवारी संध्याकाळी किंवा पावसाळ्यात घाटात खोळंबा झाला तर पाचही. विमानतळावर चार, विमानात सोळा, उतरल्यावर इमिग्रेशन आणि बॅगांना दीड-दोन, पुढे गाडीने तास-दीड तास. एकूण सव्वीस ते अठ्ठावीस तास. विमानातल्या सोळा तासांची सगळे तयारी करतात. खरं तर त्याआधीच्या आठ तासांसाठी डबा, औषधं आणि दुपारची झोप जास्त महत्त्वाची आहे.

नागपूर, कोल्हापूर किंवा गोव्याहून विमानाने मुंबईला येणार असाल तर सगळा प्रवास एकाच तिकिटावर काढा. वेगवेगळी तिकिटं असली आणि पहिलं विमान लांबलं, तर पुढचं चुकल्याची जबाबदारी कोणी घेत नाही.

१३. आई सत्तरीची आहे. सोळा तास बसणं झेपेल का? गोळ्या कोणत्या घड्याळाने द्यायच्या?

झेपेल का हे डॉक्टरांनी तपासून सांगायचं. हृदयविकार, नुकती शस्त्रक्रिया किंवा पायात गुठळी होण्याचा इतिहास असेल तर तिकिटाआधीच विचारा. बाकी सर्वांनी दर दोन तासांनी उठून चार पावलं चालावं, बसल्या जागी घोटे फिरवावेत, पाणी पीत राहावं. विमानातली हवा फार कोरडी असते. ये-जा करायच्या वाटेलगतची, स्वच्छतागृहाजवळची जागा आधीच मागून घ्या. व्हीलचेअर तिकिटातच नोंदवा, त्यात संकोचण्यासारखं काही नाही.

गोळ्यांसाठी मनगटावरचं घड्याळ उतरेपर्यंत मुंबईच्याच वेळेवर ठेवणं सोपं पडतं. इन्सुलिन आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्यांचं वेळापत्रक मात्र डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. औषधं हातातल्या पिशवीत, चिठ्ठीसह.

१४. प्रवासाच्या दिवशी संकष्टी आली तर चंद्रोदय कुठला धरायचा?

तिथी सुरू होण्याचा क्षण जगभर एकच असतो, चंद्रोदय मात्र गावोगावी वेगळा. जाताना अडचण फारशी येत नाही: विमान मध्यरात्रीनंतरचं, आणि संकष्टीचा चंद्रोदय मुंबईत साधारण रात्री नऊच्या आसपास. विमानतळावरच उपास सोडता येतो, डब्यात दोन मोदक ठेवा. न्यूयॉर्कहून दुपारी निघताना चंद्रोदय हवेत असताना होईल. अशा वेळी निघालो त्या गावची वेळ धरावी असं मला वाटतं. साखर कमी होण्याचा त्रास असलेल्यांनी लांबच्या प्रवासात उपास करूच नये.

१५. वैमानिक सोळा तास जागे असतात का? आणि समुद्रावर इंजिन बंद पडलं तर?

एवढ्या लांबच्या विमानात साधारणपणे चार वैमानिक असतात आणि ते आळीपाळीने झोपतात. त्यांच्यासाठी वेगळे बिछाने असतात.

दोन इंजिनांचं विमान एका इंजिनावर व्यवस्थित उडतं. नियमच असा आहे की एका इंजिनावर ठरावीक वेळात गाठता येईल असा विमानतळ वाटेत कायम हाताशी हवा. उत्तर अटलांटिकवर आइसलँडचं केफ्लाविक, कॅनडातलं गूज बे आणि गँडर हे असे आधार आहेत.

१६. सॅन फ्रान्सिस्कोलाही हाच हिशोब लागू होतो का?

नाही. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को सुमारे १३,५०० किमी, आणि तो धागा ७६ अंशांच्याही वर, आर्क्टिकवरून जातो. हिमालय आणि तिबेटचं पठारही मध्ये येतं. केबिनमधला दाब गेला तर विमानाला लगेच दहा हजार फुटांपर्यंत खाली यावं लागतं, कारण प्रवाशांच्या मास्कमधला प्राणवायू दहा-वीस मिनिटांपुरताच असतो. जिथे जमीनच त्याहून उंच, तिथे हे जमत नाही. म्हणून विमानं बहुधा पूर्वेकडून, पॅसिफिकवरून जातात. परिणाम असा की इथे जाताना वारा पाठीशी असतो आणि त्याच वाटेने परतताना समोर, म्हणजे प्रश्न ४ मधलं उत्तर नेमकं उलटं होतं.